पेन्सिलच्या मोजक्या रेघांतला माणूस कसा पाहावा

माणसाचं पेन्सिलनं केलेलं रेखाटन समोर आलं की बहुतेकांच्या तोंडून दोनपैकी एक वाक्य निघतं. एक तर ‘वा, अगदी फोटोसारखं!’ नाहीतर ‘एवढंच? चार रेघा तर ओढल्यात!’ पहिल्या वाक्यात चित्रकाराच्या चिकाटीचं कौतुक असतं, दुसऱ्यात थोडंसं फसवलं गेल्याची भावना. हा लेख दुसरं वाक्य ज्यांच्या वाट्याला येतं त्या चित्रांबद्दल आहे. त्यांत रंग नसतो, मागे खोली नसते, कधी चेहरासुद्धा नसतो. तरीही समोर बसलेला माणूस दमलाय, कंटाळलाय की कशाची तरी वाट बघतोय, हे आपल्याला कळतं.

ते कसं कळतं हे पाहायला शिकता येतं. त्यासाठी चित्रकला यायलाच हवी असं नाही. एक चित्र, त्यासमोर बसायला अर्धा तास, एक पेन्सिल आणि दोन कोरे कागद एवढं पुरे.

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला ठेवू. साधेपणा म्हणजे कमी रेघा नव्हेत. कमी रेघांचं चित्र नुसतं अर्धवटही असू शकतं, आणि शंभर रेघांचं चित्र अगदी साधं असू शकतं. साध्या चित्रात चित्रकारानं काय गाळायचं हे ठरवलेलं असतं. म्हणून असं चित्र पाहायचं म्हणजे काय काढलंय ते बघता बघता काय गाळलंय ते शोधायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी चित्र नीट निवडा

पहिल्यांदा एकच आकृती असलेलं चित्र घ्या. उभी, बसलेली, झोपलेली, कशीही चालेल. गर्दीची चित्रं नंतर. शक्यतो अंगावर कपडे कमी असलेली किंवा कपडे अंगाला बिलगलेली आकृती असावी, कारण शरीराचा तोल कुठे आहे ते त्यात लवकर दिसतं.

कोणाचं चित्र घ्यावं? फ्रेंच चित्रकार आंग्र (१७८०–१८६७), शिल्पकार रोदँ (१८४०–१९१७), व्हिएन्नाचे गुस्ताव क्लिम्ट (१८६२–१९१८) आणि एगॉन शीले (१८९०–१९१८) या चौघांची पेन्सिलची कामं भरपूर आहेत, आणि मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती चांगल्या दर्जाच्या प्रतिमांत बघता येतात. चौघांच्या हाताचं वळण एकमेकांपासून इतकं वेगळं आहे की कोणाही एकापासून सुरुवात केली तरी पुढे तुलनेला दुसरा हाताशी असतोच.

चित्राखालची माहिती वाचायला विसरू नका. त्यात दोन गोष्टी बघायच्या: माध्यम आणि आकार.

माध्यम यासाठी, की जुनं दिसणारं प्रत्येक करडं रेखाटन पेन्सिलचं नसतं. इंग्लंडमधल्या बॉरोडेल इथे शुद्ध ग्रॅफाइटचा साठा सापडला तो सोळाव्या शतकात. लिओनार्दो १५१९ सालीच वारला होता, त्यामुळे त्याच्या रेखाटनांत पेन्सिल शोधण्यात अर्थ नाही. तिथे लाल किंवा काळा खडू, शाई, नाहीतर चांदीच्या तारेनं ओढलेली रेघ असते. आपण आज वापरतो तशी पेन्सिल आली ती आणखी पुढे. ब्रिटनशी युद्ध जुंपल्यामुळे फ्रान्सला इंग्लिश ग्रॅफाइट मिळेनासं झालं, तेव्हा निकोला-जाक काँते यानं ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र मळून ती भट्टीत भाजली आणि १७९५ साली त्या पद्धतीचं पेटंट घेतलं. माती जास्त घातली तर शिसं कडक होतं, ग्रॅफाइट जास्त असेल तर मऊ आणि काळं. दुकानात मिळणाऱ्या पेन्सिलीवरचे एच आणि बी हे शेरे याच प्रमाणाचे. चित्र पाहणाऱ्याला याचा उपयोग असा, की कडक पेन्सिलची रेघ बारीक आणि एकसारखी राहते, मऊ पेन्सिलची रेघ हाताच्या प्रत्येक दाबासरशी जाड-बारीक होते. चित्रकारानं कोणती निवडली यातच त्याला काय सांगायचंय त्याचा अर्धा पत्ता मिळतो.

आकार यासाठी, की मोबाइलवर सगळीच चित्रं एकाच मापाची दिसतात. तळहाताएवढं रेखाटन मनगटातून काढलेलं असतं, दोन फुटी कागदावरचं खांद्यातून. माप वाचा आणि तेवढा कोरा कागद टेबलावर ठेवून बघा. पडद्यावर नाजूक वाटणारी रेघ प्रत्यक्षात बोटभर लांब आहे की वीतभर, हे कळलं की तिचा वेग कळतो.

पहिलं मिनिट लांबून

चित्रापासून चार पावलं मागे जा, किंवा पडद्यावर ते लहान करा. डोळे किलकिले करा. चेहरा, बोटं, केस यांच्याकडे बघायचं नाही. आकृतीचा एकूण ढाचा कसा दिसतो? काठीसारखा सरळ, धनुष्यासारखा वाकलेला, की जमिनीवर पसरलेला? मनातल्या मनात डोक्यापासून पायापर्यंत एकच रेघ ओढून बघा. चांगल्या रेखाटनात अशी एक रेघ सापडते, आणि चित्रकारानं ती प्रत्यक्षात काढलेली असेलच असं नसतं.

एवढंच. या पायरीला जास्त वेळ देऊ नका.

भार कुठे आहे ते शोधा

नवख्या माणसानं एकच प्रश्न विचारायचा ठरवलं तर तो हा असावा: या शरीराचा भार कुठे पडलाय? मनुष्याकृतीच्या रेखाटनातला बहुतेक भाव चेहऱ्याआधी इथूनच येतो. दमलेला माणूस दमलेला दिसतो तो डोळ्यांमुळे कमी आणि खांदे कुठे लोंबलेत त्यामुळे जास्त.

उभी आकृती असेल तर एक सोपी चाचणी आहे. पेन्सिल दोन बोटांत हलकी धरून सरळ खाली लोंबू द्या आणि चित्रातल्या आकृतीच्या गळ्याच्या खळगीवर तिचं वरचं टोक आणा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर ती उभी रेघ भाराच्या पायाच्या टाचेच्या आसपास उतरते. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर दोन पावलांच्या मधे उतरते. यापैकी काहीच होत नसेल तर माणूस चालतोय, कशाला तरी टेकलाय, नाहीतर पडतोय. यातलं काहीही नसेल तर चित्रकार चुकलाय.

आता कमरेकडे बघा. एका पायावर भार आला की त्या बाजूचं नितंब वर उचललं जातं आणि त्याच बाजूचा खांदा सहसा खाली येतो. त्यामुळे त्या कुशीत घडी पडते आणि दुसरी कूस ताणली जाते. खांद्यांची रेघ एकीकडे कललेली, कमरेची दुसरीकडे, आणि दोन्ही जोडणारा कणा मधे वळण घेणारा. जुन्या ग्रीक शिल्पांपासून आपल्या मंदिरांतल्या त्रिभंग मूर्तींपर्यंत हे दिसतं. रेखाटनात हे सगळं दोन रेघांत भागतं: ताणलेल्या कुशीला एक लांब सलग रेघ, आणि दबलेल्या कुशीला तुटक, आखूड, वळणारी रेघ. हे एकदा ओळखता आलं की पुढे प्रत्येक चित्रात नजर आपोआप तिकडे जाते.

बसलेल्या आकृतीचं एक उदाहरण घेऊ. समजा, एक बाई आपल्याकडे पाठ करून बसली आहे. डावा तळहात बाजूला टेकवून त्यावर रेललीय. ज्यावर बसलीय ते स्टूल किंवा बाक काढलेलं नाही. कागदावर मोजून बारा-पंधरा रेघा असतील. तरी ती हवेत तरंगत नाही, घट्ट बसलेली दिसते. का?

खाली बघा. नितंबाच्या तळाची रेघ गोल नाहीये, किंचित चपटी आहे आणि तिथेच पेन्सिल सगळ्यात जोरात दाबलीय. त्या चपटेपणानं खाली बैठक आहे हे सांगितलं, ती काढायची गरजच उरली नाही. आता डावा हात. कोपरात वाक नाही, तो खांबासारखा सरळ उतरलाय, आणि त्यामुळे डावा खांदा कानाकडे सरकलाय. उजवा खांदा सुटलेला, खाली. उजव्या कुशीत कमरेपाशी एक बारीकशी घडी, जेमतेम पेराएवढी. ही घडी खोडून टाकली तर बाई पुतळा होईल. तिच्यामुळे कळतं की ती मुद्दाम तशी बसवलेली नाही, बराच वेळ बसून शेवटी एका हातावर रेललीय.

हे पटत नसेल तर स्वतः तसं बसून बघा. थट्टा नाही, ही या सगळ्या पद्धतीतली सगळ्यात उपयोगी पायरी आहे. चित्रातली पोझ स्वतः घ्या आणि दोन मिनिटं तशीच धरा. जिथे रग लागेल तिथे चित्रात काय केलंय ते जाऊन बघा. चांगल्या रेखाटनकारानं बहुधा तिथेच काहीतरी नोंदवलेलं असतं.

प्रमाणाबद्दल एक शब्द. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते, आणि चित्रकलेच्या वर्गात ती सरसकट आठ पट धरली जाते. हे माहीत असावं, पण मोजपट्टी घेऊन चित्रांच्या चुका काढत बसू नये. आंग्रच्या १८१४ सालच्या एका गाजलेल्या तैलचित्रातल्या पाठमोऱ्या स्त्रीला मणके जास्त आहेत अशी टीका त्याच्या हयातीतच झाली. त्याला प्रमाण माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याला पाठीची ती लांब रेघ हवी होती. शीलेची बोटं, कोपरं आणि मनगटं तर उघडउघड ताणलेली आहेत. प्रमाण बिघडलेलं दिसलं की आधी विचारा, यातून काही साधलंय का? नसेल, तर खुशाल चूक म्हणा.

आता एकच रेघ धरा आणि तिच्या मागे जा

चित्राच्या जवळ या. एक लांब रेघ निवडा, खांद्यापासून मनगटापर्यंतची किंवा कुशीपासून गुडघ्यापर्यंतची. पेन्सिलच्या बोथट टोकानं हवेत, कागदाला न टेकता, ती रेघ सावकाश गिरवा. चित्रकाराच्या हातानं जिथे वेग घेतला तिथे तुमच्याही हाताला तो घ्यावासा वाटेल.

गिरवताना चार गोष्टी लक्षात येतात.

पहिली दाब. रेघ कुठे गडद होते? सहसा जिथे मांस दबतं तिथे: काखेत, गुडघ्याच्या मागे, हनुवटीखाली, मांडीवर टेकलेल्या कोपराशी. आणि जिथे उजेड पडतो किंवा कातडीखाली हाड अगदी जवळ असतं, तिथे ती फिकी होते. म्हणजे एकाच रेघेत कडा, वजन आणि प्रकाश तिन्ही सांगितले जातात. शेडिंगचा एक ठिपका न देता उठाव येतो तो असा.

दुसरी गोष्ट, रेघ कुठे थांबते. चांगल्या रेखाटनात बाह्यरेषा क्वचितच आकृतीभोवती पूर्ण फिरते. ती मधेच सुटते आणि पुढे दुसरीकडून पुन्हा सुरू होते. मधली जागा डोळा आपण होऊन भरतो. कागद तिथे कोराच असतो, पण तो कागद वाटत नाही, कातडी वाटतो. ज्या चित्रांत आकृती तारेनं वेढल्यासारखी सगळीकडून बंद केलेली असते, त्यांत बघणाऱ्याला करायला काही उरत नाही आणि आकृती चिकटवल्यासारखी दिसते.

तिसरी, कोणती रेघ कुणाच्या मागे जाते. कोपर, गुडघा, खांदा अशा सांध्यांपाशी दोन रेघा भेटतात. त्या नुसत्या एकमेकींना टेकतात, की एक दुसरीच्या मागे सरकते? दंडाची रेघ कोपराशी येऊन थांबली आणि हाताची रेघ तिच्या पुढून निघाली, की कळतं हात आपल्याकडे येतोय. समोरून आखूड दिसणारे हात-पाय काढणं रेखाटनातलं सगळ्यात अवघड काम मानतात. ते जमलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा अशा दोन-तीन ठिकाणच्या रेघांमुळेच जमलेलं असतं.

चौथी, रेघेचा स्वभाव. ती एका दमात आलीय की आखूड आखूड तुकडे जोडून? नवशिक्यांच्या कागदावर अशी तुकड्यातुकड्यांची, केसाळ रेघ फार दिसते. हात घाबरलेला असतो, दर अर्ध्या इंचाला थांबून खात्री करून घेतो. मात्र एकाच कडेला दोन-तीन पूर्ण रेघा असतील तर त्याला केसाळ म्हणू नका. तिथे चित्रकारानं आधीची रेघ पडू दिली आणि शेजारी नवी, जास्त बरोबर रेघ ओढली. खोडरबर वापरला नाही. अशा शोधत गेलेल्या रेघांमुळे चित्रात वेळ दिसतो: मांडी आधी इथे होती, मॉडेल जरा हललं, मांडी तिथे गेली. मला स्वतःला अशी न पुसलेली चित्रं एका झटक्यात आलेल्या सफाईदार रेघेपेक्षा जास्त आवडतात, पण ही आवड झाली, नियम नव्हे.

कागदाकडेही थोडं बघा. खरखरीत कागदावर वेगानं ओढलेली पेन्सिल उंचवट्यांवरच घासते आणि रेघेत पांढरे ठिपके राहतात. तीच रेघ सावकाश आणि दाबून ओढली तर खळगे भरतात. म्हणजे रेघेत पांढरं किती उरलंय त्यावरून हाताचा वेग ताडता येतो.

झाकून बघा

आता कोऱ्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी फाडा. चित्रातली एक रेघ तिनं झाका. आकृतीला काय झालं? काहीच झालं नसेल तर ती रेघ नसती तरी चाललं असतं. आकृती कोसळली, सपाट झाली, किंवा तिचा मूडच बदलला, तर ती रेघ खांबाची होती. अशा पाच-सहा रेघा एकेक करून झाका. चांगल्या साध्या रेखाटनात झाकून चालेल अशी रेघ सापडायला वेळ लागतो.

मग उलट करा. जे नाही ते मनात काढून बघा. त्या रेललेल्या बाईखाली स्टूल काढा, चार पाय, आडवी दांडी. मागे भिंत काढा, भिंतीला खिडकी. लगेच ती बाई एका खोलीतली होते, त्या खोलीची गोष्ट सुरू होते आणि त्या कुशीतल्या घडीकडे कुणी बघेनासं होतं. शीलेनं हा गाळण्याचा खेळ टोकाला नेला. त्याच्या कितीतरी आकृती पलंगावर किंवा खुर्चीत आहेत हे नुसत्या शरीराच्या ठेवणीवरून ओळखायचं. पलंग नाही, खुर्ची नाही, जमीन नाही. त्यामुळे त्या अवघडलेल्या, आखडलेल्या दिसतात आणि जास्त एकट्याही.

कोऱ्या जागेलाही आकार असतो. हात कमरेवर ठेवला की हात आणि कूस यांच्यामधे एक त्रिकोण तयार होतो. दोन पायांच्या मधे एक लांबट जागा राहते. या रिकाम्या आकारांकडे नुसते आकार म्हणून बघा. कागदाच्या कडेपासून आकृती किती अंतरावर ठेवलीय तेही बघा. वर भरपूर जागा आणि खाली कमी असेल तर आकृती खाली बसते, दबते. एका कडेला ढकललेली असेल तर कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी वाटते.

चेहरा सगळ्यात शेवटी

आतापर्यंत चेहरा मुद्दामच टाळला, कारण एकदा नजर तिथे अडकली की बाकीचं चित्र दिसत नाही.

चेहऱ्याला किती तपशील दिलाय आणि बाकीच्या शरीराला किती, यांची तुलना करा. आंग्रची पेन्सिल-व्यक्तिचित्रं यासाठी फार चांगली. नेपोलियनची सत्ता १८१५ साली गेल्यावर रोममध्ये त्याला मोठी कामं मिळेनात. तेव्हा तिथे येणाऱ्या प्रवाशांची, त्यांतही बऱ्याच इंग्रजांची, पेन्सिल-चित्रं काढून त्यानं घर चालवलं. हे काम त्याला कमीपणाचं वाटे. ‘छोटी चित्रं काढणारा माणूस इथेच राहतो का?’ असं दारात विचारणाऱ्याला ‘नाही, इथे राहतो तो चित्रकार आहे’ असं उत्तर त्यानं दिलं, असा किस्सा सांगतात. पण चित्रं बघा. कडक, टोकदार पेन्सिल, गुळगुळीत पांढरा कागद. चेहरा इतका हळुवार उतरवलेला की पेन्सिलच्या खुणाही शोधाव्या लागतात. आणि मानेखाली आलात की कोट, बाह्या, चुण्या सगळं झरझर ओढलेल्या मोकळ्या रेघांत. या दोन वेगांच्या फरकामुळे डोळा सतत चेहऱ्याकडे परततो. सगळीकडे सारखंच बारीक काम केलं असतं तर हे झालं नसतं.

रोदँच्या उतारवयातल्या रेखाटनांत बरोबर याच्या उलट. मॉडेलला तो खोलीत मोकळं फिरू देई आणि नजर कागदाकडे न वळवता पेन्सिल चालवी. चेहरा म्हणजे नावापुरत्या दोन खुणा, बोटं तर एकमेकांत मिसळलेली, पण वाकताना पाठीनं घेतलेली झेप मात्र अचूक. त्याचं चित्र बघताना ‘पाय चुकलाय’ म्हणून थांबू नका. पाय कुठे चालला होता ते बघा.

हातांबद्दल एवढंच: हात चेहऱ्याइतकेच बोलतात, आणि काढायला अवघड म्हणून ते कित्येकदा लपवले जातात. हात जाणीवपूर्वक सोडलेत की निसटून गेलेत हे ओळखायची खूण मनगटात असते. मनगट ठाम असेल तर पुढचा हात नुसता सुचवला तरी पुरतो.

शेडिंग असेल तर

बोटानं किंवा कागदाच्या गुंडाळीनं घासून केलेलं मऊ, धुरकट शेडिंग पहिल्या नजरेला फार गोड दिसतं. त्याला भुलू नका. ते खालची कमकुवत रेघ झाकू शकतं. एक कसोटी: ते शेडिंग आकाराच्या वळणाबरोबर वळतं का, की नुसतं कडेला काजळी लावल्यासारखं फिरलंय? मांडी गोल आहे, तर तिच्यावरच्या सावलीनंही ते गोलपण सांगायला हवं. समांतर आडव्या-तिरक्या रेघांचं शेडिंग असेल तर त्या रेघांची दिशा तपासा. बरेच चित्रकार सावली देता देता शरीराची वळणंही त्या दिशेनंच सांगून टाकतात.

फोटोसारख्या हुबेहूब पेन्सिल-चित्रांबद्दल विचारणा होतेच, म्हणून सांगतो. त्यांतल्या कौशल्याला आणि चिकाटीला दाद द्यावी. पण फोटोनं जे आधीच ठरवलं होतं तेच पुन्हा काढलं असेल, तर चित्रकारानं स्वतः काय ठरवलं हे शोधायला त्यात फार वाव राहत नाही. ती चित्रं वेगळ्या कारणांसाठी बघायची.

साधं की कच्चं?

हा प्रश्न प्रत्येक नवशिक्याला पडतो आणि पडायलाच हवा. ‘चार रेघा’ बघून भारावून जाण्याचं नाटक कुणी करू नये. शरीरचित्रणाच्या वर्गात एक, दोन, पाच मिनिटांच्या पोझवर भराभर रेखाटनं करतात आणि त्यांतली बहुतेक टाकून देण्यासारखीच असतात, मोठ्या चित्रकारांचीसुद्धा.

माझी ढोबळ कसोटी अशी. भार सापडतो का? सापडत नसेल तर बाकीचं कितीही देखणं असो, चित्र कच्चं. गाळलेल्या जागा एकमेकींशी जुळतात का? उजेडाच्या बाजूच्या कडा सोडल्यात, दबलेल्या जागा ठेवल्यात, असं काही सूत्र दिसलं तर साधेपणा कमावलेला आहे. कुठेही, कशाही जागा सुटल्या असतील तर चित्रकार कंटाळला असावा. आणि शेवटचं, अवघड जागी रेघ काय करते? खांद्याचा सांधा, मानेचं बूड, घोटा. सोप्या जागी ऐटीत आणि अवघड जागी पुसट होणारी रेघ संशयास्पद समजा.

नक्कल करा, पण दाखवायला नाही

आता दुसरा कोरा कागद घ्या. एचबी किंवा २बी पेन्सिल पुरे. दहा मिनिटांत त्या चित्राची नक्कल करा. चांगली येणार नाही, यायला नकोच आहे. नक्कल कशासाठी, तर तुमच्याकडून जास्तीच्या काय गोष्टी निघतात ते कळावं म्हणून.

दहा मिनिटांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. तुम्ही बहुधा बाह्यरेषा सगळीकडून बंद केली असेल. मूळ चित्रात चेहऱ्याला दोनच खुणा असताना तुम्ही पापण्या काढल्या असतील. स्टुलाचा एखादा पायही नकळत आला असेल. या जास्तीच्या रेघांवर गोल करा. मूळ चित्रकारानं गाळलेल्या गोष्टींची ती तयार यादीच असते, आणि नुसतं बघून ती एवढी स्पष्ट कधीच मिळत नाही. मूळ रेघ गडद आणि तुमची फिकी अशा जागाही सापडतील. तिथे तुमचा हात कचरला, त्याचा कचरला नाही.

कागदाच्या मागे दोन-तीन ओळी लिहून ठेवा. ‘सुंदर’, ‘भावपूर्ण’ असे शब्द टाळून काय दिसलं तेवढंच लिहा: भार डाव्या हातावर, सगळ्यात गडद रेघ बैठकीला, उजव्या दंडाची बाहेरची कड काढलेलीच नाही. आठवड्यानं त्याच पोझचं दुसऱ्या कोणाचं चित्र शोधून हेच पुन्हा करा. आंग्र आणि शीले शेजारी ठेवले तर दोघांनी गाळलेल्या गोष्टी किती वेगळ्या आहेत ते बघून गंमत वाटेल.

मूळ चित्र पाहायची संधी मिळाली तर

ग्रॅफाइट उजेडानं विटत नाही, पण कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो. म्हणून संग्रहालयात रेखाटनं फार मंद उजेडात आणि थोड्याच काळासाठी लावतात. आत गेल्यावर डोळ्यांना दोन-तीन मिनिटं सरावू द्या, मग बघा. समोरून पाहून झालं की एका बाजूला सरकून तिरप्या नजरेनं पाहा. जिथे पेन्सिल जोरात दाबलीय तिथे ग्रॅफाइट चमकतं. पडद्यावरच्या प्रतिमेत ही चमक जवळपास दिसत नाही, प्रत्यक्षात मात्र तिच्यावरून दाबाचा सगळा नकाशा एका नजरेत मिळतो. कोळशाला किंवा खडूला अशी चमक नसते, त्यामुळे माध्यमाबद्दल शंका असेल तर तीही इथेच फिटते. तिरप्या उजेडात कागदावर उमटलेले चर दिसतात, खोडलेल्या रेघांचेसुद्धा.

भिंतीवर लागतो तो संग्रहाचा अगदी थोडा भाग. लंडनचं ब्रिटिश म्युझियम, व्हिएन्नाचं आल्बेर्टिना अशा संस्थांमध्ये रेखाटनं पाहण्यासाठी अभ्यासकक्ष असतात. आधी वेळ मागून तिथे बसून एकेक चित्र समोर आणवता येतं. हात स्वच्छ हवेत, आणि टिपणं घ्यायला पेन न्यायचं नाही. अशा खोल्यांत फक्त पेन्सिल चालते.